खाडीच्या पुलाला न्यूट्रॉनचा उतारा

प्रिय शुभा,

तुझं पत्र म्हणजे खाडीपुलाचं गाऱ्हाणंच! वरून धडधाकट, आत सळया गंजताहेत आणि मीठ कुठवर मुरलंय ते बघायला काँक्रीटचा तुकडा (कोअर) कापून काढायचा, म्हणजे आधीच दुखणाईत पुलाला आणखी एक भोक. वाचताना मला इथल्या रिकेन संस्थेचं ‘रान्स’ हे प्रवेगकावर चालणारं छोटं न्यूट्रॉन-यंत्र आठवलं. टोकियोला लागून असलेल्या वाकोत २०१३ पासून चालू आहे.

न्यूट्रॉन म्हटलं की आपल्याला तुर्भ्याची ‘ध्रुव’ अणुभट्टी आठवते. नाहीतर इथलं जे-पार्क, जिथे प्रोटॉनना ३ जीईव्हीपर्यंत पळवतात. तिथे अर्ज करा, निवड व्हायची वाट बघा. रान्स जेमतेम १५ मीटर लांब, प्रोटॉन ७ एमईव्हीचे. ते बेरिलियमवर आदळले की न्यूट्रॉन सुटतात. कितीतरी कमी सुटतात, पण यंत्र आपल्या हाताशी असतं. बर्लिन आणि साक्लेच्या संशोधन-भट्ट्या २०१९ मध्ये बंद झाल्यावर युरोपातही अशा यंत्रांचा विचार जोरात आहे.

मला विचारशील तर खरी करामत त्या बेरिलियमच्या टार्गेटमध्ये आहे. बेरिलियममध्ये थांबलेला प्रोटॉन म्हणजे हायड्रोजनच की! तो साचत जातो आणि धातूला फुलक्यासारखे फोड येऊन टार्गेट फुटतं. रिकेनवाल्यांनी बेरिलियम ठेवलं फक्त ०.३ मिमी. प्रोटॉन त्यातून पार होऊन मागच्या व्हॅनेडियममध्ये थांबतो, आणि व्हॅनेडियममधून हायड्रोजन सहज पाझरून जातो. इतकं साधं, पण सुचायला हवं ना!

आता तुझं मीठ. क्लोरीननं न्यूट्रॉन गिळला की ते लगेच स्वतःच्या ठरावीक ऊर्जेचे गॅमा किरण सोडतं. ते मोजले की काँक्रीट न फोडता अंदाज येतो. यासाठी रिकेननं नेण्याजोगं उपकरणही केलंय, मात्र त्यात कॅलिफोर्नियम आहे. त्याला बटण नसतं, रात्रंदिवस न्यूट्रॉन सोडत बसतं. रान्समध्ये मात्र प्रवेगक बंद केला की न्यूट्रॉनही बंद. रस्त्यावर काम करणाऱ्या माणसांच्या दृष्टीनं मला हा फरक फार मोठा वाटतो.

प्रवेगकच रस्त्यावर नेता यावा म्हणून तर रान्स-२ मध्ये लिथियमचं टार्गेट आणि २.४९ एमईव्हीचे प्रोटॉन आले. न्यूट्रॉन मंद, त्यामुळे भोवतीची संरक्षक भिंतही हलकी. पुढचं यंत्र ट्रकवर चढवून थेट पुलावर न्यायचा त्यांचा बेत आहे.

तुझ्या पुलावर सध्या किती टनांपर्यंतच्या गाड्या सोडताय, तेवढं कळव.

तुझी,
मीरा