एसपी की एलपी?

व्हीसीआर घरात येईपर्यंत आमच्या घराण्यात तात्त्विक म्हणावेत असे मतभेद नव्हते. भांडणं होती, नाही असं नाही. पण ती आपली साधी, घरगुती. फणसाच्या वाटणीची, लग्नातल्या आहेराची. दिवाळीला निघत आणि संक्रांतीपर्यंत मिटत. पण १९८६ साली मस्कतच्या आतेभावाने ते यंत्र आणून आमच्या ठाण्याच्या दोन खोल्यांत ठेवलं, आणि त्याच्या पुढच्या अंगाला नखाएवढी एक कळ निघाली. तिच्या एका बाजूला ‘एसपी’ आणि दुसऱ्या बाजूला ‘एलपी’ असं लिहिलेलं होतं. त्या कळीने घर दुभंगलं.

ज्यांच्या आयुष्यात ही कळ आली नाही त्या भाग्यवंतांसाठी सांगतो. तीन तासांची म्हणून मिळणारी कॅसेट एसपीवर लावली तर तीन तासच चाले. एलपीवर लावली तर सहा. चमत्कार वगैरे काही नव्हता. एसपीवर टेप सेकंदाला साधारण २३ मिलिमीटर सरकायची, एलपीवर त्याच्या निम्मी. म्हणजे तेवढ्याच भाकरीत दुप्पट पाहुणे. चित्र थोडं पिठूळ व्हायचं, पण ते चालून जायचं. खरी रड आवाजाची होती. साध्या व्हीसीआरमध्ये आवाजाची पट्टी टेपच्या कडेने सरळ धावते. टेप हळू तर आवाज हळू. गाण्यांची साधी कॅसेट सेकंदाला जवळजवळ ४८ मिलिमीटर पळते. म्हणजे एसपीवर आवाजाच्या वाट्याला तिच्या निम्मा वेग, आणि एलपीवर पाव. त्यामुळे एलपीवरची नायिका नेहमी घोंगडी पांघरून गाते आहे असं वाटे. ‘स’ आणि ‘श’ ही अक्षरं तर वर्णमालेतून गेल्यातच जमा.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, कट्टर एसपीवाले. थोडं असावं पण चोख असावं, हा त्यांचा बाणा. आंब्याच्या बाबतीतही तोच असल्यामुळे आमच्याकडे पेटी कधी आलीच नाही; डझन यायचा. धाकटे काका एलपीवाले. “अरे, एका कॅसेटीत दोन सिनेमे मावतायत तर मावू द्या की! कोण भिंग लावून बघणार आहे?” काकांनी आयुष्यभर एसटीत तिघांच्या बाकावर चौथा म्हणून प्रवास केलेला. त्यांना मावणं ही गोष्टच मोलाची वाटे.

दूरदर्शनवर शनिवारी मराठी आणि रविवारी हिंदी चित्रपट. अण्णा पंधरा मिनिटं आधी हात-पाय धुऊन यंत्रापुढे बसत. मध्ये बातम्या लागल्या की पॉजची कळ, बातम्या संपल्या की पुन्हा सुरू. पण यंत्राला फार वेळ पॉजवर ठेवलेलं सोसत नसे. पाचेक मिनिटांत ते आपलं आपण थांबे. मग पुन्हा जागा शोधणं आलं. शोधेपर्यंत नायक-नायिकेचं भांडण होऊन गेलेलं असे आणि ते कशावरून झालं हे आमच्या घरात आजतागायत कोणाला ठाऊक नाही. ‘व्यत्यय’ची पाटी लागली की मात्र अण्णा टेप थांबवत नसत. “ती येते आणि जाते, तिचा भरवसा नाही,” म्हणत. त्यामुळे आमच्या संग्रहात ती पाटी कोणत्याही नटीपेक्षा जास्त वेळा आहे.

संग्रह झाला एकूण ४१ कॅसेटींचा. प्रत्येकीवर अण्णांच्या अक्षरात चित्रपटाचं नाव, तारीख, आणि खाली लाल शाईने ‘एसपी’. दागिन्यावर २२ कॅरटचा शिक्का असावा तसं. अपवाद एकच. तेविसाव्या कॅसेटीवर लिहिलं होतं, ‘एसपी (१४५ मि.) + आई (एलपी)’.

त्याचं असं झालं. १९८९ साली आजीचं सहस्रचंद्रदर्शन झालं. आतेभाऊ सुट्टीवर आलेला होता आणि खांद्यावर ठेवायचा कॅमेरा त्याच्याजवळ होता. त्याने पन्नास मिनिटांचं चित्रण केलं. सोमवारी पहाटे त्याचं विमान, आणि कॅमेरा, कॅसेट त्याच्याबरोबर जाणार. रविवारी रात्री नक्कल करून घ्यायची तर घरात कोरी कॅसेट नाही आणि दुकानं बंद. सगळ्या कॅसेटी धुंडाळल्यावर तेविसावीच्या शेवटी ३५ मिनिटं शिल्लक निघाली. अण्णा म्हणाले, निवडक ३५ मिनिटं एसपीवर घेऊ. काका म्हणाले, “आईतलं निवडक कुठलं ते तू ठरवणार का?” हा प्रश्न असा होता की त्यावर अण्णांनी चष्मा काढून पुसला आणि स्वतःच्या हाताने कळ एलपीवर केली. मी त्यांना ती कळ तिकडे नेताना पाहिलं ते तेवढंच.

आता अण्णा नाहीत, आजी तर केव्हाच नाही. २०१६ च्या जुलैत, तोवर व्हीसीआर बनवत राहिलेल्या शेवटच्या जपानी कंपनीनेही ते बनवणं बंद केलं. इकडे पावसाळ्यागणिक कॅसेटींना बुरशी धरते; कडेला पांढरी लव दिसली की समजावं, दिवस भरत आले. म्हणून यंदा पुतण्याने मनावर घेतलं. कुठूनसा एक चालता व्हीसीआर आणला, संगणकाला जोडला, आणि मला म्हणाला, “काका, क्वालिटी काय ठेवू?”

माझ्या अंगावर काटा आला. कळ परत आली होती. आणि आता तिला दोन बाजू नव्हत्या, बावन्न होत्या. सीआरएफ नावाचा एक आकडा असतो, शून्यापासून ५१ पर्यंत. आकडा लहान तर चित्र चांगलं आणि फाइल मोठी. काही न सांगितलं तर यंत्र २३ धरतं. साधारण सहाने वाढवला की फाइल निम्म्यावर येते. “आणि काहीच दाबलं नाही तर?” मी विचारलं. त्याने हिशेब केला: तासाला सुमारे ७५ जीबी. आजी हयातीत एका पिशवीनिशी रत्नागिरीहून यायची, आणि आता तिला ६२ जीबी जागा लागणार!

मग हे दाबणं होतं तरी कसं? मला वाटलं होतं, अंथरुणं वळकटीत बांधतात तसं काहीतरी असेल. तसं नाही. यंत्र प्रत्येक चित्र पहिल्यापासून काढतच नाही. मागच्या चित्रात काय होतं ते बघतं आणि बदललं असेल तेवढंच लिहून ठेवतं. भिंत? मागच्यासारखीच. खुर्ची? मागच्यासारखीच. आमच्या कचेरीत इतिवृत्त असंच लिहायचे. यात गंमत अशी की जुन्या टेपेवर ज्या मुंग्या दिसतात त्या दर क्षणी बदलतात, म्हणून यंत्राला सगळ्यात जास्त लेखन मुंग्यांचंच करावं लागतं. घरातला शांत माणूस तेवढा ‘मागच्यासारखाच’ ठरतो. आडदांड पाहुण्यांच्या सरबराईत यजमानाच्या आईकडे कोणी बघू नये, तसं.

पुतण्या हुशार. त्याने आधी गाळणी लावून मुंग्या पुसल्या आणि आकडा ठेवला २८. साडेतीनशे एमबीत आजी तयार! मोबाइलवर पाहिली. छानच वाटली. साडी स्वच्छ, भिंत गुळगुळीत. ही मात्र बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आजींनी जप सोडला का हो?”

तेव्हा लक्षात आलं. आजीच्या उजव्या हातात जपमाळ असायची. बोलत असो, रागावत असो, अंगठ्याने एकेक मणी ओढणं चालूच. गाळणीच्या हिशेबी तो अंगठाही मुंग्यांतलाच. त्यामुळे आजी बोलते, मान हलवते, पण अंगठा स्वस्थ. मध्येच एकदम चार मणी पुढे. ऐंशी वर्षांत जे यमाच्या बापालाही जमलं नव्हतं ते २८ या आकड्याने केलं.

पुतण्याने गाळणी काढली, आकडा १८ वर आणला. मुंग्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अंगठाही आला. फाइल झाली अडीच जीबी. शिवाय एक मूळ प्रत त्याने काहीही न गमावता दाबून वेगळी ठेवली आहे. ती आकाराने निम्म्याहून थोडी कमी भरते आणि तिला म्हणे कोणी हात लावायचा नाही. चित्रपटांचं मात्र आम्ही काहीच केलं नाही. करायचं काय? अण्णांनी एसपीवर जपलेला एकूणएक चित्रपट आज त्याहून लख्ख मिळतो, तोही मधलं भांडण कशावरून झालं त्यासकट. ४१ कॅसेटींत जगात दुसरीकडे कुठेही नाही असं एवढंच होतं, आणि तेच नेमकं एलपीवर.

अडीच जीबीची आजी मग सगळ्यांना गेली. तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन. शेवटी शेवटी आजी एक हकिकत सांगते. १९५२ साली शेजारी दिलेला पितळेचा मोठा डबा परत आला नाही, आणि तो कोणाकडे आहे हे ती नाव घेऊन सांगते. आत्याला ऐकू आलं ‘सप्रे’. मला ‘छत्रे’ वाटतं. हिच्या मते दोन्ही नाही. पुतण्याने मूळ प्रत काढली, आवाज वाढवला, गाळण्या लावल्या. व्यर्थ. १९८९ च्या त्या रात्री टेपेने जे लिहूनच घेतलं नाही ते आता कोणता आकडा देणार? दोन्ही घराण्यांची माणसं अजून आमच्या येण्याजाण्यात आहेत. गेल्या आठवड्यात एका मुंजीत सप्रे भेटले, तर आत्या त्यांच्याशी जेवढ्यास तेवढं बोलली.

मी काकांना फोन केला. काका ८४ वर्षांचे आहेत, कानाला यंत्र आहे. म्हटलं, “काका, अण्णांचं ऐकून त्या दिवशी एसपीवर घेतलं असतं तर नाव स्वच्छ ऐकू आलं असतं.”

“आलं असतं ना!” काका म्हणाले. “फक्त टेप पस्तिसाव्या मिनिटाला संपली असती. आणि डब्याचा विषय आई एक्केचाळिसाव्या मिनिटाला काढते.”