घोडीवरचं बिऱ्हाड
ज्वारी निघाली की ताडकळसच्या शिवारात धनगरांचा वाडा उतरतो. आज संध्याकाळी बांधावर थांबून डोळे भरून पाहिलं. घोडीच्या पाठीवरून आधी जाळी, मग भांडी, वाकळा आणि शेवटी नुकती जन्मलेली कोकरं उतरली. मग घोडीचे पुढचे पाय दोरीनं आखडून तिला धसकटांत चरायला सोडलं. घोड्यांसह रानात मुक्काम कुणी हौसेनं करतं. इथं तो पोटासाठी आहे. रात्रभर मेंढ्या बसल्या की काळ्या रानाला लेंडीखत मिळतं, मालक त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. दोघांचंही भलं होतं. पण गायरानं आटत चालली, तळ ठोकायला जागा मिळेना. तुमचं रान मोकळं असेल तर या माणसांना नाही म्हणू नका. विहिरीचं पाणीही भरू द्या.