जकातीची पावती

मागच्या रमजानमध्ये नेरूळच्या घरी जकातीचा हिशोब मांडून बसलो होतो. अनाथ मुलांना शिकवणाऱ्या एका संस्थेची पावती हातात घेऊन मुलानं विचारलं, "अब्बा, उद्या हिच्यावर बंदी आली तर?"

प्रश्न उगाच नव्हता. 28 सप्टेंबर 2022 ला केंद्रानं यूएपीएखाली पॉप्युलर फ्रंट आणि तिच्या 8 सहयोगी संस्थांवर 5 वर्षांची बंदी घातली. त्यात समाजसेवेचं काम सांगणारी रिहॅब इंडिया फाउंडेशनही होती. बंदी लगेच लागू झाली. न्यायाधिकरणानं ती कायम केली 21 मार्च 2023 ला. बंदी असलेल्या संस्थेला वर्गणी दिली, तर 2 वर्षांपर्यंत कैद.

हिंसा पोसणाऱ्याला रोखायलाच हवं. पण कोर्टाची तपासणी आधी आणि बंदी नंतर, असं झालं तर सामान्य दात्याला धीर राहील.

"पावती फाडू नकोस, जपून ठेव. आपल्याला लपवायचं काय आहे?" मी म्हणालो.

पावती फाईलला लागली. यंदा मात्र आमच्या घरून त्या संस्थेला काहीच गेलं नाही. त्या मुलांची फी कोणी भरली, हे विचारायचीही मला लाज वाटते.