काकांचा लेथ

सोलापुराहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलें म्हणजे थोड्याच वेळांत कुंभारी हें गांव येतें. अलीकडे त्याचें नांव वर्तमानपत्रांत येतें तें कामगारांच्या वसाहतींमुळें. २००६ सालीं येथें विडी कामगारांना दहा हजार घरें मिळालीं आणि २०२४ सालीं रे नगरांतील पंधरा हजार घरांची त्यांत भर पडली. परंतु आम्हांला कुंभारी म्हटली कीं रस्त्यापासून थोडी आंत असलेली पत्र्याची एक शेड आठवते, तिच्यांतील तेलाचा व तापलेल्या लोखंडाचा वास आठवतो, आणि त्या वासांत दिवसभर उभे असलेले आमचे काका आठवतात.

काका सोलापूरच्या एका कापडगिरणीच्या मेकॅनिक खात्यांत टर्नर होते. लोक जिला ‘जुनी गिरणी’ म्हणत ती सोलापूरची पहिली गिरणी १८७७ सालीं सुरू झाली. तेव्हांपासून कित्येक पिढ्या या शहराचा दिवस भोंग्याबरोबर सुरू झाला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. काकांच्या गिरणीचे दरवाजे मिटले तेव्हां आंतील यंत्रें वजनावर विकलीं जात होतीं. ज्या लेथपुढें आपण वीस वर्षें उभे राहिलों तो भंगारांत जाणार, हें काकांना पाहवेना. हातीं आलेल्या फंडाच्या रकमेंतून त्यांनीं तो विकत घेतला आणि कुंभारीच्या शेडमध्यें आणून बसविला. पुढें त्याच लेथवर विहिरींवरील पंपांचे दांडे, पिठाच्या गिरण्यांचे शाफ्ट आणि यंत्रमागांचे सुटे भाग तयार झाले, आणि त्यांच्या मजुरीवर काकांच्या दोन मुलींचीं शिक्षणें व लग्नें पार पडलीं.

गेल्या वर्षीं काका वारले. शेडला कुलूप लागलें. पावसाळा संपतां संपतां एक भंगारवाला आला. त्यानें लेथभोंवतीं एक फेरी घातली आणि किलोचा भाव सांगितला. काकींना पैशांची निकड होती. तरी त्यांनीं त्याला दोन दिवसांनीं यावयास सांगितलें आणि आम्हांला बोलावून घेतलें.

“अरे, हे नेहमी म्हणायचे, आपला लेथ विलायती आहे म्हणून. खरंच तसा असेल तर किलोनं कशाला द्यायचा? तू शिकलेला आहेस, बघ तरी काय आहे ते.”

आम्हीं आयुष्यभर शाळेंत भाषा शिकविली. शिकलेला मनुष्य यंत्रापुढें किती अडाणी असतो, याचा अनुभव आम्हांला पुढील कांहीं दिवसांत पुरेपूर यावयाचा होता.

ज्या वाचकांनीं लेथ पाहिला नसेल त्यांनीं कुंभाराचें चाक डोळ्यांपुढें आणावें; ज्या गांवाच्या नांवांतच कुंभार आहे तेथें हा दृष्टांत फार लांबून आणावा लागत नाहीं. चाकावर मातीचा गोळा फिरतो आणि कुंभाराचा हात त्याला आकार देतो. लेथवर हाच व्यवहार आडवा होतो: लोखंडाचा तुकडा फिरतो आणि घट्ट धरलेलें पोलादी हत्यार त्याची साल काढतें. हें हत्यार हातांत न धरतां सरकत्या पकडींत बसवावें, आणि आटे पाडलेल्या एका लांब दांड्यानें तिला ठराविक गतीनें पुढें न्यावें, ही योजना लंडनच्या हेन्री मॉडस्ले यानें १८०० सालाच्या सुमारास पूर्णत्वास नेली. एका स्क्रूसारखा हुबेहूब दुसरा स्क्रू करणें त्यामुळें सुलभ झालें. यंत्रांनीं यंत्रें घडवावीं हें पुढील शतकाचें सारें वैभव या साधनावर उभें आहे.

आम्हीं शेड उघडली तेव्हां लेथवर धुळीचा थर होता आणि बेडवर, म्हणजे ज्या लांब लोखंडी रुळांवर हत्याराची गाडी सरकते त्यांवर, तांबूस गंज चढला होता. हेडस्टॉकवर एक पितळी पाटी होती. ती पुसली तों मुंबईच्या एका पेढीचें इंग्रजी नांव दिसलें. आमचा आनंद गगनांत मावेना. विलायती माल मुंबईंतच उतरणार, असा तर्क करून आम्हीं पुढील शोधासाठीं एमरीचा कागद घेतला आणि बेडच्या टोकाकडील गंज जोरानें घासावयास आरंभ केला. तेथें कांहीं आंकडे ठोकलेले दिसत होते.

इतक्यांत काकांच्या हाताखालीं पंचवीस वर्षें काम केलेले मिस्त्री दारांत उभे राहिले. काकींनीं त्यांनाहि निरोप धाडला होता.

“गुरुजी, हात थांबवा आधी! त्या कागदाचे कण तेलात मिसळून बेडवर बसले, की गाडी जन्मभर त्यांच्यावर घासत राहणार. गंजानं खाल्लं नसतं तेवढं हा कागद खाईल.”

त्यांनीं चष्मा लावून ते आंकडे पाहिले. शेवटचा आंकडा आम्हीं अर्धा पुसून टाकला होता. तो तीन होता कीं आठ, हें कोणालाहि सांगतां येईना. जें वाचावयास आम्ही आलों होतों तेंच आम्हीं खोडलें होतें. मिस्त्री यावर कांहीं बोलले नाहींत, आणि तेंच आम्हांला अधिक लागलें.

त्या दिवसापासून आम्ही विद्यार्थी झालों. मिस्त्रींचा पहिला धडा असा कीं, पाटी ही पुष्कळदां विकणाऱ्याची असते. घडविणाऱ्याची खूण यंत्राच्या अंगावर शोधावी. त्यांतहि भेद आहे. ओतीव लोखंडांतून उंच वर आलेलीं अक्षरें सांच्याबरोबर आलेलीं असतात; तीं त्या सांच्यांतील प्रत्येक यंत्रावर असतात. खोल ठोकलेले आंकडे मात्र त्या एकाच यंत्राचे. म्हणून धूळ झटकण्यापूर्वीं पाहावें, रंग काढण्यापूर्वीं चाचपावें, आणि जें दिसेल तें कागदावर उतरून घ्यावें.

दुसरा धडा मापांचा. आपल्याकडील कारखान्यांत लेथची ओळख बेडच्या लांबीवरून, साडेचार फुटी, सहा फुटी, अशी सांगतात. इंग्रज मनुष्य बेडपासून केंद्रबिंदूची उंची सांगतो. अमेरिकन मनुष्य त्यावर किती व्यासाची वस्तु फिरूं शकेल तें सांगतो, आणि तो आंकडा इंग्रजाच्या सुमारें दुप्पट भरतो. कोण कोणत्या मापानें बोलतो आहे हें न कळल्यास एकच यंत्र दोन वाटावयाचें. त्यानंतर मिस्त्रींनीं लांब दांड्यावर पट्टी ठेवून एका इंचांतील आटे मोजविले. ते चार भरले. बोल्टांच्या आट्यांचा कोन त्यांनीं गेजनें तपासला. तो पंचावन्न अंशांचा, म्हणजे व्हिट्वर्थचा निघाला. मॉडस्लेच्याच कारखान्यांत काम केलेल्या जोसेफ व्हिट्वर्थ यानें १८४१ सालीं हें प्रमाण सुचविलें आणि इंग्रजांनीं तें स्वीकारलें. अमेरिकेंत साठ अंशांचा कोन रूढ झाला. ही सारी लक्षणें इंग्रजी पद्धतीचीं पाहून आमची विलायतेची आशा पुन्हां पालवली.

लांकडी पेटींत दातेरी चाकांचा संच होता. त्यांतील एका चाकाचा धातु वेगळा दिसला. दांते मोजले, ते एकशें सत्तावीस भरले. मिस्त्री म्हणाले, “हे तुमच्या काकांनी मागाहून मिळवलेलं.” पांच इंच म्हणजे बरोबर एकशें सत्तावीस मिलिमीटर, हें चाक जोडलें कीं इंचांच्या लेथवर मिलिमीटरचे आटे पाडतां येतात. १९५६ च्या कायद्यानें आपल्या देशांत मेट्रिक मापें आलीं आणि हळूहळू कामेंहि त्या मापांत येऊं लागलीं. काकांनीं यंत्र न बदलतां एक चाक मिळविलें आणि नव्या काळाशीं जुळवून घेतलें.

रंगाखालील अक्षरें शेवटीं सांपडलीं. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, म्हणून तो कोरडा घासावयाचा नाहीं, असें ठरलें होतें. रॉकेलनें भिजविलेल्या चिंध्या आणि लांकडाची चपटी काडी यांनीं आम्हीं चार दिवस एक एक थर उतरविला. हिरव्याखालीं निळा, निळ्याखालीं करडा. आणि करड्याखालीं हेडस्टॉकच्या झांकणावर उंच ओतीव इंग्रजी अक्षरें बोटांना लागलीं. पहिलें अक्षर एच् आहे हें कळतांच आम्हीं मनांत चार इंग्रजी शहरें धुंडाळलीं. पुढील अक्षरें मोकळीं झालीं. तें नांव होतें ‘हरिहर’.

तुंगभद्रेच्या कांठचें, तेव्हांच्या म्हैसूर संस्थानांतील हरिहर! किर्लोस्करांनीं १९४१ सालीं जेथें लेथ बनविण्याचा कारखाना काढला तें गांव. क्षणभर आमचा विरस झाला, हें कबूल करणें प्राप्त आहे. परंतु रात्रीं अंथरुणावर पडल्यावर आम्हांला त्या विरसाचीच लाज वाटली. ज्या लक्ष्मणरावांनीं १८८८ सालीं बेळगांवांत सायकलींचें दुकान काढलें, १९०३ सालीं लोखंडी नांगर केला, १९१० सालीं कुंडलच्या निवडुंगांनीं भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी वसविली, त्यांच्या घराण्यानें लेथ घडवूं लागणें ही लहान गोष्ट नव्हती. नांगर देणारा शेतकऱ्याला अवजार देतो; लेथ देणारा अवजारें करण्याचें सामर्थ्य देतो. सरकारनें हिंदुस्थान मशीन टूल्सचा कारखाना काढला तो १९५३ सालीं. हरिहर त्याच्या बारा वर्षें आधींचें. आज तो हरिहरचा कारखाना चालू नाहीं. काकांना हें ठाऊक नव्हतें असें आम्हांला वाटत नाहीं. उत्तम मालाला ‘विलायती’ म्हणण्याची त्या पिढीची रीत होती. काका लेथची जन्मभूमि सांगत नसावेत, त्याचा गुण सांगत असावेत.

आणखी एक गोष्ट हातीं लागली. टेलस्टॉक उलटा करून पुसला तों त्याच्या पोटाशीं बेडवरचाच क्रमांक ठोकलेला आढळला. आमच्या हातून पुसलेला आंकडा आठ होता. दोन्ही भाग एकाच जोडीचे आहेत हें सिद्ध झालें, आणि आमचा अपराधहि थोडा हलका झाला.

आतां काकींना काय सांगावयाचें? आम्हीं हरिहरची सारी हकीकत त्यांच्यापुढें मांडली. त्यांनीं ती शांतपणें ऐकली आणि विचारलें, “बरं झालं कळलं ते. पण चालतो का तो?”

खरा प्रश्न हाच होता. नांवानें भंगाराचा भाव वाढत नाहीं.

मिस्त्री रोज संध्याकाळीं येऊं लागले. त्यांनीं मोटरीला हातहि लावूं दिला नाहीं. प्रथम तेलाच्या कपांतील सुकलेल्या लोकरीच्या वाती बदलल्या, बेअरिंगांत पातळ तेल सोडलें. तेथें ग्रीस भरणाऱ्यांस त्यांनीं दोन शब्द ऐकविले. मग पट्ट्याची पुली हातानें फिरविली. ती फिरेना. आम्ही घाबरलों; परंतु तें केवळ बॅकगिअर आणि त्याची कळ दोन्ही एकदम लागल्यामुळें होतें. अशा वेळीं बटण दाबणारा मनुष्य दांते मोडून बसतो. चिपा कुंचल्यानें काढल्या. हवेचा झोत मारला तर त्या बेअरिंगांत घुसतात. गंजावर रॉकेल मुरूं दिलें आणि तांब्याच्या पत्र्याच्या कडेनें तो अलगद उचलला. बेडवर कांहीं डाग मात्र खोल गेले होते, आणि ते सारे एका ओळींत होते. मिस्त्री हंसले. “हे खंडेनवमीचे. दर वर्षी नारळाचं पाणी इथंच पडायचं. काका पुसायचे, पण वहिनी म्हणायच्या, आजचा दिवस राहू दे.”

शेवटीं कसोटी घेतली. बेडला किंचित् पीळ असला तर कातलेली वस्तु एका बाजूस बारीक होते. चकांत लोखंडी दांडा एकाच टोकाला धरून त्यावर चार इंचांच्या अंतरानें दोन कडीं ठेवलीं, आणि हत्यार न हलवितां दोन्हींवरून एकच हलका काप घेतला. मायक्रोमीटरनें पाहतां दोहोंच्या व्यासांत इंचाच्या दोन हजारांशांचा फरक निघाला. मिस्त्रींनीं पायाचा बोल्ट सैल करून खालीं पातळ पितळी पत्रा सरकविला व पुन्हां काप घेतला. तीनदां असें केल्यावर फरक अर्ध्या हजारांशावर आला. हेडस्टॉकजवळ बेड थोडा झिजला आहे. वर्षानुवर्षें काम तेथेंच होतें, त्याला इलाज नाहीं. परंतु पंपाच्या दांड्याला याहून अधिक अचूकपणा लागत नाहीं.

भंगारवाल्याला काकींनीं नकार दिला. मिस्त्रींनीं शेड महिन्याच्या भाड्यानें घेतली आहे. किलोच्या भावानें एकदम मिळाली असती तेवढी रक्कम जमावयास बराच काळ जाईल. पण दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यांत पैसे घरीं पोंचतात, आणि पूर्वीं काकांकडे येणारे गिऱ्हाईक पुन्हां दारांत दिसूं लागलें आहे.

यंदाच्या खंडेनवमीला आम्ही मुद्दाम कुंभारीला गेलों. काकींनीं हेडस्टॉकच्या झांकणावर, हरिहरच्या अक्षरांशेजारीं, हळदकुंकवाचें बोट टेंकलें व झेंडूची माळ घातली. नारळ त्यांनीं बाहेर उंबऱ्याशीं फोडला. मग परत आंत येऊन, कोणीं न सांगतां, त्यांनीं खुंटीवरचें तेलाचें फडकें घेतलें आणि बेड या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसून काढला.