गुलाबाच्या कुपीतलं गवत

नाशिकची जानेवारीतली सकाळ. खोबरेल तेलाची बाटली पांढरीशुभ्र थिजली होती आणि तिच्या शेजारची गुलाब तेलाची कुपी मात्र पाण्यासारखी हलत होती. मी ती तिरकी केली, सरळ केली, पुन्हा तिरकी केली आणि पोटात गोळाच आला. अस्सल गुलाब तेल वीस अंशांच्या आसपास थिजायला लागतं. त्यातल्या मेणासारख्या अंशाचे पातळ पापुद्रे दिसू लागतात आणि कुपी मुठीत धरली की तळव्याच्या उबेनं विरघळतात. माझ्या कुपीत एकही पापुद्रा नव्हता. तेच तेल मी दोन वर्षं लोकांना गुलाब म्हणून लावत आले होते.

टीपकागदाच्या पट्टीवर थेंब घेतला. सकाळी हुंगला, दुपारी हुंगला, दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी गुलाब, मग गुलाबाखालून वर येणारं काहीतरी, उन्हात वाळत घातलेल्या गवतासारखं, किंचित लिंबाळ. शेवटी ओळखीच्या एका म्हाताऱ्या अत्तरवाल्यांकडे गेले. त्यांनी पट्टी नाकाशी नेली न नेली आणि म्हणाले, "रोशा."

फसवणाऱ्या व्यापाऱ्याचा राग बरेच दिवस मनात राहिला. पण त्या शब्दानं मला जिथं नेलं, तिथं मी एरवी कधीच गेले नसते.

रोशा म्हणजे आपल्या सातपुड्याच्या उतारावरचं गवत. मराठीत याला तिखाडीही म्हणतात, इंग्रजीत पामारोझा. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरात नंदुरबारच्या नोंदीत या तेलाचा व्यापार आहे आणि संधिवातावर ते गुणकारी मानतात असंही आहे. खानदेशातलं हे तेल मुंबई बंदरातून तांबड्या समुद्रामार्गे कॉन्स्टॅन्टिनोपलला जाई. तिथं ते उन्हात ठेवून त्याचा रंग फिका करत आणि बल्गेरियाच्या गुलाब तेलात मिसळत. युरोपात त्याला नाव पडलं तुर्की जिरेनियम तेल. खरं तर ना ते तुर्की, ना जिरेनियमचं. १८७१ मध्ये ऑस्कर याकोब्सेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं या तेलातला मुख्य घटक वेगळा काढला आणि तेलाच्या त्या चुकीच्या नावावरून त्याला जिरॅनिऑल म्हटलं. तोच घटक गुलाबातही असतो, म्हणून तर ही भेसळ पचून जायची. आपल्या डोंगरातल्या गवताचा प्राण, आणि त्याला नाव मिळालं तिसऱ्याच झाडाचं. हे वाचलं तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी शहाद्याच्या पुढं एका भट्टीवर गेले. भट्टीवाले चाचा ओढ्याकाठी बसले होते. मी पान तोडून चोळायला लागले, तर म्हणाले, "ताई, पान नको, तुरा चोळा." तुरा चोळला आणि बोटं घमघमली. तेल जास्त असतं ते फुलोऱ्यातच, म्हणून गवत फुलावर आलं की कापायचं आणि थोडं सुकू द्यायचं. त्यांनी मला दोन रोशेही दाखवले. कोरड्या चढावर विरळ उगवणारा तो मोतिया, ओलसर सखल जागेत दाटीनं माजणारा तो सोफिया. दिसायला सख्खी भावंडं. मोतियाच्या तेलात जिरॅनिऑल ७५ ते ९० टक्के भरतं. सोफियात ते बरंच कमी, वास उग्र, आल्याच्या अंगानं जाणारा. भारा बांधतानाच दोन्ही एकत्र झाले की पुढं कुणाचंही नाक कामाला येत नाही.

टाकीत गवत पायानं दाबून भरलं, झाकणाच्या कडेला ओली कणीक लिंपली, खाली जाळ केला. बराच वेळ काहीच नाही. मग नळीतून पाणी ठिबकू लागलं आणि भांड्यात पाण्यावर फिकट पिवळा तवंग धरू लागला. वास मात्र उकडलेल्या गवताचा. मी हिरमुसले. चाचांनी एक बाटली भरून दिली, म्हणाले, "होळीपर्यंत हात लावू नका." होळीला बूच उघडलं. भट्टीचा वास गेला होता, गुलाब वर आला होता.

आता माझ्याकडे येणारा प्रत्येक जण लॅव्हेंडर मागतो. लॅव्हेंडर चांगलंच आहे. पण सुगंधोपचार म्हणजे तेवढंच, असं धरून चाललो तर नाक आळशी होतं. दिवाळीच्या उटण्यात घालतो त्या नागरमोथ्याचं आणि कपूरकाचरीचंही तेल निघतं, हे किती जणांना ठाऊक आहे? नागरमोथा जड, मातकट, धुरकट. त्याचा एक थेंब रोशाच्या पाच थेंबांना खाली धरून ठेवतो, वास लवकर उडत नाही. दिवसभर उभं राहून थकलेल्या पायांना मी ३० मिली तिळाच्या तेलात एवढे सहाच थेंब घालते, म्हणजे साधारण एक टक्का. त्याहून जास्त घालायचा मोह आवरावा लागतो. जिरॅनिऑल काही जणांच्या त्वचेला सोसत नाही, म्हणून आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबायचं. यानं संधिवात बरा होतो असं मी कुणालाही सांगत नाही. चोळण्यानं, उबेनं आणि या वासानं माणूस सैलावतो, एवढं रोज पाहते.

त्या दोन वर्षांत ज्यांना गुलाब म्हणून हे तेल दिलं, त्या सगळ्यांना मी फोन केले. पैसे परत देऊ केले. बहुतेकांनी घेतले. एक निवृत्त शिक्षिका तेवढ्या गप्प राहिल्या. नवरा गेल्यानंतरच्या महिन्यांत त्या दर आठवड्याला येत, हात मालिश करून घेत. थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "मग ते गवत आता मिळतं का कुठं?"

त्यांची कुपी अजूनही मीच भरते. चिठ्ठीवर रोशा लिहिते, मोतिया लिहिते, गवत कापल्याचा महिना लिहिते. या वर्षीचं तेल कपाटात मुरतंय. परवा राहवलं नाही, बूच जरा सैल करून पाहिलं. गवताचा वास अजून आहे.