पडद्याच्या कडेला

आमच्या बेळगावच्या घरातल्या टीव्हीला दोन धनी आहेत. संध्याकाळी सात ते दहा तो सौभाग्यवतींचा आणि दहानंतर माझा. मालिकांतल्या सासवा निजल्या की मी लॅपटॉप घेऊन येतो, टीव्हीच्या पाठीत एचडीएमआयची वायर खुपसतो आणि माझं दुकान मांडतो. पंचावन्न ओलांडलेल्या डोळ्यांना लॅपटॉपवरचं काड्यापेटीएवढं चित्र सोसत नाही. तिथं फक्त कापाकापीची पट्टी ठेवायची आणि टीव्हीवर नुसतं चित्र, अशी वाटणी केली की काम सुखाचं होतं.

खरं तर हा माझा जुनाच संसार. १९९० च्या सुमारास मी लग्नांचं शूटिंग करीत असे. खांद्यावर व्हीएचएसचा कॅमेरा आणि घरी दोन व्हीसीआर. एकात मूळ कॅसेट लावायची, दुसऱ्यात कोरी. हवं तेवढं उतरवून घ्यायचं आणि नको तिथं पॉजचं बटण दाबायचं. एका कॅसेटवरून दुसरीवर येताना चित्र थोडं विटायचंच. हे सगळं बघायला घरचा लाकडी शटरचा टीव्ही. मॉनिटर म्हणजे वर्गात पोरांची नावं फळ्यावर लिहिणारा, एवढंच आम्हांला ठाऊक!

त्याच कॅमेऱ्यानं मी १९९३ च्या मे महिन्यात आक्काचं लग्न टिपलं. लग्न घरच्याच अंगणात झालं. पाठवणीच्या वेळी सगळं घर फाटकाशी जमलं. आई रडत होती, शेजारणी रडत होत्या आणि मी एक डोळा मिटून, दुसरा कॅमेऱ्याला लावून उभा होतो. आबा तेवढे दिसले नाहीत.

ही गोष्ट आक्काच्या मनात रुतून बसली. आबांना हे स्थळ पसंत नव्हतं. आक्काच्या हट्टापायी ते तयार झाले होते. त्यामुळं 'पाठवणीला बाप खाली उतरला नाही' याचा अर्थ तिनं तिच्यापुरता लावला. दर दिवाळीला माहेरी आली की एकदा कॅसेट लागायची आणि पाठवणीपाशी ती उठून आत जायची. आबांना कुणी विचारलंच तर ते एवढंच म्हणत, "होतो की तिथंच." ते कुणाला खरं वाटलं नाही. मलाही नाही. २००४ साली आबा गेले.

दोन वर्षांपूर्वी ट्रंकेतली ती कॅसेट बुरशी लागायच्या आत लॅपटॉपवर उतरवून घेतली आणि एका रात्री साफसफाईला बसलो. पाठवणीचा प्रसंग आला. लॅपटॉपच्या छोट्या खिडकीत, चित्राच्या अगदी वरच्या कडेला काहीतरी पांढरं दिसलं. माडीच्या कठड्यावरचे दोन हात आम्ही वर्षानुवर्षं बघत आलो होतो. कुणी पाहुणा असेल म्हणून सोडून दिले होते. आज त्या हातांच्या वर खांदे होते आणि खांद्यांवर टोपी. मोठं करून बघावं म्हणून मान वर करून टीव्हीकडे पाहिलं. तिथं नुसते हात!

लॅपटॉपवर माणूस आणि टीव्हीवर हात. दोन-तीनदा इकडून तिकडं पाहिलं आणि मग डोक्यात प्रकाश पडला. काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्र काचेपेक्षा मुद्दामच थोडं मोठं पाडीत. विजेचा दाब घसरला की चित्र आक्रसे आणि कडेला काळी पट्टी दिसे. ती दिसू नये म्हणून ही युक्ती. तिला ओव्हरस्कॅन म्हणतात. प्रत्येक कडेचं साधारण पाच टक्के चित्र चौकटीमागं जाई. आपल्या पाल पद्धतीच्या चित्रात ५७६ रेघा. त्यांतल्या वरच्या तीसेक आमच्या टीव्हीनं कधी दाखवल्याच नाहीत. आताच्या सपाट टीव्हीला याची गरज नाही. पण कितीतरी टीव्ही वायरीतून आलेलं चित्र सवयीनं तसंच ताणतात.

मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! वधूवरांची नावं कापली जाऊ नयेत म्हणून ती कडांपासून चांगली आत टाकायची, हा आमच्या धंद्याचा पहिला धडा. नावांची एवढी काळजी घेणाऱ्या मला त्या कडेला माणूसही असेल, हे कधी सुचलं नाही.

रिमोट घेऊन टीव्हीच्या सेटिंगांत शिरलो. 'जस्ट स्कॅन' सापडलं. बटण दाबताच चित्र चारी बाजूंनी किंचित आत सरकलं आणि माडीवर आबा उभे राहिले. चेहरा म्हणाल तर नुसता धूसर ठिपका. पण ती टोपी आणि डावा खांदा खाली टाकून उभं राहायची ती लकब दुसऱ्या कुणाची नव्हे. आक्का फाटकाबाहेर जाईपर्यंत ते हलले नाहीत.

आक्काला पाठवायची प्रत करताना मी सगळं चित्र नव्वद टक्क्यांवर आणलं. भोवती काळी पट्टी राहिली. दिसायला वाईट, पण तिच्या गडहिंग्लजच्या टीव्हीनं कडा कितीही खाल्ल्या, तरी आता आबा कापले जाणार नव्हते.

पेनड्राइव्ह पोचल्यावर दोन दिवस फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी आला. "काय करूलास?" म्हणून तिनं इकडचं तिकडचं विचारलं. मग जरा थांबून म्हणाली, "माडीवर सावली नव्हती रे त्या वेळी. भर उन्हात उभे होते की."

मी "हं" म्हटलं. पुढं दोघांनाही बोलायला काही सुचेना.

टीव्हीचं ते सेटिंग मी अजून बदललेलं नाही.