एका टोल्याची घंटी

दुसऱ्यास हाक मारावयाची ती किती वेळ लांबवावी, याचा विचार आपल्याकडे फार पूर्वीं झालेला आहे. स्वरांचे ऱ्हस्व, दीर्घ व प्लुत असे तीन काल पाणिनीनें सांगितले, आणि दुरून बोलाविणाराचा अंत्य स्वर प्लुत असावा असाही नियम केला. विजेच्या घंटीस मात्र असें व्याकरण नाहीं. बोट बटणावर जितका वेळ, तितका वेळ प्रवाह चालूच.

आमचा जन्म संस्कृत शिकविण्यांत गेला. यंत्रांकडे लक्ष वळलें तें वडील बंधूंच्या आजारामुळें. अर्धांगाचा झटका आल्यापासून दादांचा हात थरथरतो, व एकदां बटणावर पडला म्हणजे लवकर उचलत नाहीं. त्यांच्या उशाशीं १२ व्होल्टांची घंटी होती. तिच्या वेटोळ्याचा रोध १० ओहम. हातोडी ओढण्यास क्षणाचा प्रवाह पुरे. परंतु बटण दाबलेलेंच राहिलें कीं वेटोळ्यांत सतत १४.४ वॉट उष्णता उत्पन्न होई. एका रात्रीं तें जळालें. दादांस पाणी हवें होतें, आणि पहांटेपर्यंत तें कोणास कळलें नाहीं.

वहिनी म्हणाल्या, "आतां बटण नकोच. मी रात्रभर जागत बसेन." त्यांचें वय सत्तरीपुढचें. तेव्हां विद्युत्‌शास्त्र शिकलेली आमची पुतणी म्हणाली, "काका, घंटीला नळ जोडलेला आहे, तेथें तांब्या ठेवूं."

तो तांब्या म्हणजे कपॅसिटर. १७४६ च्या सुमारास लायडन येथील मुशेनब्रुक यांच्या प्रयोगांनीं प्रसिद्धीस आलेला कांचेचा घट हा त्याचा पूर्वज. एक जबर धक्का दिला कीं तो जवळजवळ रिता होई. पुतणीनें तीन टोकांचें दुतर्फी बटण घेतलें. बोट नसतांना कपॅसिटर १०० ओहमांच्या रोधांतून अडॅप्टरकडून भरत राहतो. बटण दाबतांच तो संबंध तुटतो, आणि कपॅसिटर वेटोळ्याशीं जोडला जातो. त्याची धारकता १०,००० मायक्रोफॅरड. तिचा १० ओहमांशीं गुणाकार केला असतां एक दशांश सेकंद येतो. तेवढ्यांत प्रवाह सुमारें ३७ टक्क्यांवर उतरतो, व अर्ध्या सेकंदांत संपल्यासारखाच होतो. मग हात तासभर राहिला तरी वेटोळें थंड. थरथरीनें बटण लागोपाठ दोनदां टेंकलें तरी पात्र रितें, म्हणून दुसरा टोला नाहीं. हात उचलल्यावर पुरतें भरण्यास पांचेक सेकंद लागतात.

कोणास हें करून पाहावयाचें असेल तर कपॅसिटर २५ व्होल्टांचा घ्यावा, त्याचीं धन व ऋण टोकें उलट जोडूं नयेत, आणि भिंतींतील २३० व्होल्टांच्या विजेस हात लावूं नये.

वहिनींनीं सर्व पाहून एकच प्रश्न केला : "आणि तो एक टोला ऐकूं आला नाहीं तर?"

याचें उत्तर त्या जोडणींत नव्हतें. दुसऱ्या टोल्यासाठीं हात उचलावा लागतो, आणि तेंच दादांस कठीण. म्हणून घंटी त्यांच्या उशाकडून काढून तार लांबविली व ऐकणाराच्या उशाशीं आणली. रात्रीच्या पाळ्या लाविल्या. वहिनींची पाळी आम्हीं मुळींच ठेविली नाहीं. हाक आटोपशीर करणें पुतणीला साधलें. ती ऐकण्याचें काम घरांतील आम्हां सर्वांकडे आलें. आज चार महिने झाले, अद्यापि कोणाची पाळी चुकलेली नाहीं.